चौदा दिवसांचा मुक्काम

पत्राच्या माथ्यावर ‘मु. पो.’ लिहिताना आपण नेमके काय लिहीत आहोत, याचा विचार मराठी माणूस सहसा करीत नाही. ज्या गावी सात पिढ्या नांदल्या त्या गावालाही आपण ‘मुक्काम’च म्हणतो. मुक्काम म्हणजे वस्तुतः पडाव. उद्या डेरे उठवून पुढे जावयाचे आहे हे त्या शब्दात गृहीतच असते. इतरांच्या बाबतीत ही निव्वळ लेखनाची रूढी असेल. आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना मात्र तो शब्द अक्षरशः लागू पडतो. सध्या आमचा मुक्काम जोधपुरास आहे. त्यापूर्वी तो इटारसीस होता, आणि यापुढे कोठे असेल हे वरिष्ठांस ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मावसबहिणीच्या यजमानांनी एक छायाचित्र पाठविले. ते नोकरीनिमित्त अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी असतात. चित्रात ओसाड खडकाळ माळ, मागे काळसर डोंगरांची रांग, आणि नजर पोहोचेल तेथवर विखुरलेली पांढरी मोटारघरे. स्वयंपाकघर, बिछाना, न्हाणीघर असा सारा संसार पोटात घेऊन धावणाऱ्या या गाड्यांना तिकडे ‘आर. व्ही.’ म्हणतात. चित्राखाली त्यांनी एवढेच लिहिले होते : ‘जागा सरकारी. चौदा दिवस कोणीही फुकट राहावे. भाडे नाही, अर्जही नाही.’

भाडे नाही याचे आम्हांस फारसे नवल वाटले नाही. पण अर्जही नाही! सरकारी जागेत राहावयाचे आणि अर्ज करावयाचा नाही, ही कल्पना आमच्यासारख्या कारकुनाच्या पचनी पडणे कठीण. ‘कोणत्या नियमान्वये?’ हा प्रश्न मनात उभा राहिला, आणि त्याचा माग काढता काढता दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागला.

या मोकळ्या माळांची मालकी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारची असून त्यांचा कारभार ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हे खाते पाहते. सुमारे साडेचोवीस कोटी एकर भूमी या एका खात्याच्या स्वाधीन आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्रासारखी तीन राज्ये तीत सहज मावतील. नेवाडा राज्याचा तर सुमारे दोन तृतीयांश भाग याच खात्याकडे आहे. एवढी जमीन सरकारने मुद्दाम राखून ठेवली असेल, असा कोणाचाही समज व्हावा. खरी गोष्ट अगदी उलट आहे. ही जमीन देऊन टाकण्याचा सरकारने कसोशीने प्रयत्न केला. ती कोणी घेतली नाही.

१८४८ च्या तहाने मेक्सिकोकडून हा मुलूख अमेरिकेकडे आला. त्यात मोहावे, चेमेवेवी, क्वेचान, यावापाय आदी मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. तह करणाऱ्या दोन्ही सरकारांनी त्यांना विचारले नाही. १८६५ मध्ये कोलोरॅडो नदीकाठी त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र आखून देण्यात आले आणि उरलेला मुलूख दप्तरात ‘सार्वजनिक जमीन’ म्हणून नोंदला गेला. आजच्या मोकळ्या माळाची पहिली नोंद ही अशी आहे, आणि ती वाचल्यावाचून पुढची पाने उलटणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पुढे वाटपाचा काळ आला. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये पाच वर्षे राहून जमीन कसणारास १६० एकर मिळत. या कायद्याखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन खाजगी झाली. परंतु जेथे वर्षाकाठी चार-पाच इंचही पाऊस नाही, तेथे १६० एकरांत माणसाने कसावे काय? म्हणून १८७७ मध्ये खास वाळवंटासाठी दुसरा कायदा झाला. ६४० एकर घ्या. एकरी पंचवीस सेंट आता भरा. तीन वर्षांत जमिनीस पाणी दिल्याचा पुरावा आणा, उरलेला एक डॉलर भरा आणि मालक व्हा. या कायद्याच्या अंमलबजावणीची जी हकीकत इतिहासकार सांगतात, ती कोणत्याही कचेरीतील माणसास परकी वाटणार नाही. अर्जदार बादलीभर पाणी त्या जमिनीवर नेऊन ओतीत असे आणि त्याचा साक्षीदार कचेरीत शपथेवर सांगत असे की, या जमिनीवर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाणी पाहिले आहे. शपथ खरीच होती! तथापि, खोट्यानाट्या पुराव्यांनीही सारे वाळवंट संपेना. गुराखी कंपन्यांनी झऱ्याकाठच्या मोक्याच्या जागा तेवढ्या उचलल्या. बाकी माळ सरकारच्याच नावावर राहिला.

(आमच्या इकडे याच सुमारास, १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने, जी जमीन कोणा व्यक्तीची नाही ती सरकारची, असे ठरविले. ज्यास मालक सापडत नाही ते आपल्या खतावणीत ओढून घेण्याची सवय जगभरच्या सरकारांस सारखीच दिसते.)

१९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने मोकाट चराईवर बंधन आले आणि वाटपाचा जोर ओसरला. १९४६ मध्ये १८१२ पासून चालत आलेले जमीन-वाटप खाते आणि नवे चराई खाते एकत्र करून आजचे खाते निर्माण झाले. १९७६ मध्ये, फोर्ड हे अध्यक्ष असताना, कायद्याने स्पष्ट केले की, यापुढे या जमिनी सर्वसाधारणपणे सरकारकडेच राहतील. होमस्टेडचा कायदाही रद्द झाला, फक्त अलास्कास दहा वर्षांची सवलत मिळाली. शंभर वर्षे जी वस्तू खपली नाही, तिच्यावर अखेरीस ‘विक्रीस नाही’ अशी पाटी लागली. फुकट मुक्कामाचा हक्क जन्मला तो अशा शिल्लक राहिलेल्या मालातून.

मोटारींचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वपरिचित आहे. १९१९ मध्ये फ्लॉरिडात ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची मोटारप्रवाशांची संघटना निघाली. १९३० नंतर ॲल्युमिनियमचे चकचकीत एअरस्ट्रीम ट्रेलर आले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग बांधले जाऊ लागले. १९६६ पासून विनेबागो कंपनी मोटारघरे तयार करू लागली. उत्तरेकडील निवृत्त माणसे बर्फ पडू लागताच दक्षिणेच्या वाळवंटात उतरू लागली. या माणसांना तिकडे ‘हिमपाखरे’ म्हणतात.

मात्र ही पाखरे ज्या वाळवंटात उतरली, तेथे १९४२ साली जे घडले त्यावर थोडे थांबले पाहिजे. त्या एका वर्षात तेथे तीन प्रकारचे तळ पडले. आफ्रिकेच्या वाळवंटी लढाईची तयारी म्हणून जनरल पॅटन यांनी कॅलिफोर्निया व ॲरिझोनाच्या सीमेवर रणगाड्यांचे प्रचंड शिक्षणक्षेत्र उभारले. सॉल्टन सरोवराच्या पूर्वेस नायलंड गावाजवळ नौदल-पायदळाचा ‘कॅम्प डनलप’ निघाला. आणि तिसरा तळ कोलोरॅडो नदीकाठच्या त्याच राखीव क्षेत्रात, पोस्टन येथे; त्यात जपानी वंशाच्या सुमारे १७ हजार अमेरिकन रहिवाशांना घरादारांवरून उठवून आणून कोंडले. त्यांच्यातील बहुसंख्य जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. ज्या मुलखाच्या मोकळेपणाचे आज इतके कौतुक होते, तेथेच तारेच्या कुंपणाआड १९४५ पर्यंत माणसे होती, आणि त्यांच्या मुक्कामास चौदा दिवसांची मर्यादा नव्हती.

युद्ध संपले. डनलपच्या इमारती १९५६ पर्यंत उखडून नेण्यात आल्या. उरले ते काँक्रीटचे चौथरे. १९६१ मध्ये ती जागा कॅलिफोर्निया राज्याकडे परत गेली. त्या चौथऱ्यांवर फिरस्ते येऊन राहू लागले आणि ‘स्लॅब सिटी’ उभी राहिली. तेथे पाणी नाही, वीज नाही, गटार नाही, आणि भाडेही नाही. ही जागा राज्याची असल्यामुळे मध्यवर्ती खात्याचा चौदा दिवसांचा नियम तिला लागू नाही, म्हणून लोक तेथे वर्षानुवर्षे राहतात. लेनर्ड नाइट नावाच्या एका भाविकाने १९८४ पासून तेथे माती, गवत आणि रंग यांचा एक रंगीबेरंगी डोंगरच रचला. नाइट २०१४ मध्ये वारले. डोंगर पाहावयास लोक अजून जातात.

आता नियमाकडे वळू. खात्याच्या बहुतेक मोकळ्या जमिनीवर २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवस राहता येते. मुदत संपली की गाडी हलवावयाची. ॲरिझोनात ती किमान २५ मैल दूर न्यावी लागते. पाणी आपले आपण आणावयाचे. सांडपाणी आणि मैला गाडीखालच्या टाक्यांत साठवून ठरलेल्या जागीच रिकामा करावयाचा. वीज छपरावरच्या सौरपट्टांतून मिळेल तेवढी. हिवाळ्यात क्वार्ट्झसाइट या गावाभोवती इतकी दाटी होऊ लागली की १९८३ मध्ये खात्याने काही माळ दीर्घ मुक्कामासाठी वेगळे काढले. तेथे माफक शुल्क भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत राहता येते. गावाची कायम वस्ती २०२० च्या शिरगणतीत अडीच हजारांहूनही कमी भरली. रत्ने-खनिजांच्या हिवाळी बाजारात मात्र तेथे काही लाख माणसे येऊन जातात.

या सर्व नियमांचा गाभा एकच आहे : मुक्काम करा, वास्तव्य करू नका. सार्वजनिक जमिनीवर कायमचे घर करण्यास मनाई आहे. ज्याचे घर दुसरीकडे आहे त्याच्या दृष्टीने हा नियम साधा आणि न्याय्य आहे. चौदा दिवसांनी तो परत जाईल. पण ज्याचे चाकांवरचे घर हेच घर, त्याने काय करावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टात अनेकांची घरे गेली, साठवलेली पुंजी आटली. साठी उलटलेली माणसे जुनी गाडी घेऊन, तिच्यात बिछाना टाकून, हंगामी कामे करीत फिरू लागली. क्वार्ट्झसाइटजवळ बॉब वेल्स यांनी अशा लोकांचा हिवाळी मेळावा भरविण्यास आरंभ केला. तेथे कमी पैशांत गाडीत कसे राहावे हे एकमेकांस शिकविले जाई. जेसिका ब्रूडर यांनी या जीवनावर ‘नोमॅडलँड’ हा ग्रंथ २०१७ मध्ये लिहिला, आणि क्लोई झाओ यांनी त्यावरून केलेल्या चित्रपटास २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. या माणसांच्या लेखी चौदा दिवस म्हणजे सहल नव्हे, ती नोटीस होय. पंधराव्या दिवशी पंचवीस मैल. पुन्हा पंधराव्या दिवशी पंचवीस मैल.

आमच्या कचेरीतील एक वयोवृद्ध सहकारी गेल्या वर्षी निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांचे नऊ मुक्काम झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही की कोणास दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, ‘‘क्वार्टर सोडायची मुदत मला पाठ आहे हो, जायचं कुठं ते ठरत नाही.’’ त्यांना निवृत्तिवेतन आहे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. परंतु हे वाक्य क्वार्ट्झसाइटच्या माळावर कोणालाही भाषांतर न करता कळले असते.

माळावर जे मोफत आहे ते शहरात दंडनीय ठरू शकते, हेही येथे नमूद केले पाहिजे. ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने, निर्णय दिला. सार्वजनिक जागी पथारी टाकणाऱ्यास शहराने शिक्षा करणे हे घटनेने निषिद्ध केलेल्या ‘क्रूर व असाधारण’ शिक्षेत मोडत नाही, असे त्यात ठरले. आपण भारतीयांनी याबद्दल नाक मुरडू नये. आमच्याकडे पारधी-कैकाड्यांचे पाल गावाबाहेर पडले की त्यांची हजेरी घेतली जाई. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मुक्काम करणे हाच अनेकांचा गुन्हा ठरविला होता, आणि तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. येथे जोधपुरातही राईका लोकांचे उंट-मेंढ्यांचे तांडे रस्त्याकडेला उतरतात, तेव्हा त्यांच्याशी पहिले बोलणे बहुधा ‘येथून कधी उठणार?’ हेच असते.

उंटांवरून आठवले. मावसबहिणीच्या यजमानांनी दुसरेही एक छायाचित्र पाठविले होते : क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत दगडांचा एक लहानसा पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. वाळवंटात सामान वाहण्यास उंट आणावे ही कल्पना युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस यांनी उचलून धरली आणि १८५५ मध्ये काँग्रेसने त्यासाठी ३० हजार डॉलर मंजूर केले. १८५६ मध्ये उंटांची पहिली तुकडी टेक्ससच्या किनाऱ्यावर उतरली, आणि उंटांबरोबर पूर्वेकडून आलेल्या हाकाऱ्यांत हाजी अली नावाचा एक तरुण होता. अमेरिकन सैनिकांच्या जिभेवर त्याचे ‘हाय जॉली’ झाले. १८५७ मध्ये बील यांच्या नेतृत्वाखाली हे उंट नव्या रस्त्याची पाहणी करीत कोलोरॅडो नदीपर्यंत गेले. प्रयोग फसला असे म्हणता येणार नाही. यादवी युद्ध आले आणि फाइल बंद झाली. काही उंट विकले, काही माळावर सुटले. ज्या कामासाठी आणला ते खातेच उरले नाही, तरी हाजी अली परत गेला नाही. त्याच मुलखात पडेल ते काम करीत राहिला आणि १९०२ मध्ये क्वार्ट्झसाइटला वारला. त्याच्या थडग्यावरील पिरॅमिड ॲरिझोनाच्या महामार्ग खात्याने १९३५ मध्ये बांधला.

गावाबाहेरच्या एका माळासही खात्याने ‘हाय जॉली’ हेच नाव दिले आहे. तेथे मुक्कामास भाडे नाही. मुदत चौदा दिवस.