काठावर बसलेली माणसं होडीत कशी आली?

आजचा भाग लढाया किंवा तहांचा नाही, होड्यांचा आहे. पण सुरुवात घरापासून करते.

आम्ही भोपाळचे मराठी. आमच्या लहानपणी पाहुणे आले की मोठ्या तलावावर फेरी ठरलेली. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, पोलिओनं दोन्ही पायांत अधूपण आलेलं. एकदा सगळे होडीत चढलो आणि नावाडी अण्णाकडे बघून म्हणाला, "यांना इथंच बसू द्या. पाय घसरला तर?" तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला काळजीच वाटली असणार. आमच्यापैकीही कुणी हरकत घेतली नाही. तासभर अण्णा काठावर बसून आमचे डबे आणि चपला राखत राहिला.

पुढे इतिहास वाचायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शिडाच्या होडीत तशी पायांची गरज फार कमी असते. बळ वाऱ्याचं, दिशा सुकाणूची. होडीतला माणूस बहुतेक वेळ बसलेलाच असतो. मग अण्णासारखी माणसं काठावर का राहिली? आणि जगात काही ठिकाणी ती होडीत आली, ती कुणामुळे आली?

आधी नेल्सन बघू. ब्रिटिश आरमाराचा हा सर्वांत गाजलेला सेनानी. 1794 मध्ये त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, 1797 मध्ये उजवा हात गेला. ट्रफाल्गरची लढाई त्याने लढली 1805 मध्ये, म्हणजे या दोन्हींनंतर. हाच नेल्सन कोवळ्या वयात मुंबई बंदरात आला होता आणि आजारी पडून 1776 मध्ये तिथूनच मायदेशी परतला. समुद्रावर अपंग माणूस असणं नवं नव्हतं, हे यावरून दिसतं. फक्त नेल्सनच्या मदतीला अख्खं आरमार होतं. साध्या माणसाच्या मदतीला कुणी नव्हतं.

म्हणूनच 1978 मध्ये इंग्लंडमध्ये ज्युबिली सेलिंग ट्रस्ट नावाची संस्था निघाली, तिच्या पहिल्या जहाजाला नाव दिलं गेलं 'लॉर्ड नेल्सन'. ते 1986 मध्ये समुद्रावर गेलं. प्रवासी खलाशांपैकी साधारण निम्मे शारीरिक अपंगत्व असलेले आणि निम्मे धडधाकट, अशी त्याची रचना. दोघांनी जोडीनं काम करायचं. चाकाच्या खुर्चीसाठी डेक सपाट केलेला, खाली-वर जायला लिफ्ट, अंधांसाठी बोलून दिशा सांगणारं होकायंत्र. जहाजाच्या टोकाकडून समुद्रावर झेपावलेल्या काठीवरसुद्धा चाकाची खुर्ची नेता येईल इतकी रुंद वाट ठेवलेली. दुसरं जहाज, 'टेनेशस', 2000 मध्ये पाण्यात उतरलं. हे लाकडी जहाज बांधायला कुशल कारागिरांच्या बरोबरीनं स्वयंसेवक राबले, आणि त्यांतही अपंग माणसं होती.

पण जहाज म्हणजे मोठा खर्च. गावच्या तलावावर, आठवड्याच्या सुट्टीला जमणाऱ्या चार माणसांना ते कसं परवडणार? त्याचं उत्तर आलं ऑस्ट्रेलियातून. 1990 च्या दशकात ख्रिस मिचेल या होडीबांधणाऱ्यानं एक अगदी छोटी होडी तयार केली, लांबी फक्त 2.3 मीटर. पुढे त्याच घराण्यातली दोघांची, 3.03 मीटरची होडी आली. आज या होड्या 'हान्सा' नावानं ओळखल्या जातात.

तिच्यात काय वेगळं आहे ते नीट बघा, कारण खरा इतिहास तिथेच घडलाय. नेहमीच्या छोट्या शिडाच्या होडीत वारा वाढला की माणसाला झटकन एका बाजूला सरकावं लागतं, अंग बाहेर झोकावं लागतं, नाहीतर होडी उलटते. म्हणजे तोल माणसाच्या अंगावर अवलंबून. मिचेलच्या होडीत तो तोल पाण्याखालच्या जड फळीकडे सोपवला. माणूस झोळीसारख्या आसनात खाली, समोर तोंड करून बसतो. सुकाणू हातातल्या एका दांडीनं फिरतं. वारा जोराचा झाला तर शीड डोलकाठीभोवती गुंडाळून लहान करता येतं. हातात तेवढीही ताकद नसेल तर विजेच्या मोटरी लावता येतात. माणसानं होडीला जुळवून घ्यायचं, हा नियम इथे उलटा झाला.

याच सुमारास 'सेलेबिलिटी' नावाची चळवळ ऑस्ट्रेलियात वाढली, आणि याच नावानं ब्रिटनमध्येही क्लबांचं जाळं झालं. पुढे आशियात हाँगकाँग आणि सिंगापूरपर्यंत ती पोहोचली. हे क्लब चालतात स्वयंसेवकांवर. निवृत्त शिक्षक, गवंडी, बँकेतल्या बाई, कॉलेजची मुलं. कुणी यारीच्या झोळीतून माणसाला खुर्चीवरून होडीत उतरवतो. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याची कातडी सोलवटू नये म्हणून कुणी उशी नीट लावतं. कुणी जीवरक्षक जॅकेटचे पट्टे तपासतं, कुणी मोटरबोट घेऊन जवळपास फिरत राहतं. शेवटी होड्या धुणं, शिडं वाळवणं आणि चहा. इतिहासाच्या पुस्तकात या कामांना ओळसुद्धा मिळत नाही. पण माणूस काठावर राहणार की पाण्यावर जाणार, हे याच कामांवर ठरतं.

एक उदाहरण सांगते. हिलरी लिस्टर या ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या इंग्लिश बाई. आजारानं त्यांचं मानेखालचं शरीर हलेनासं झालं. जगण्यात काही उरलं नाही असं वाटत होतं, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. 2003 मध्ये ओळखीच्या माणसानं त्यांना एका तलावावर होडीतून नेलं. दोनच वर्षांनी, ऑगस्ट 2005 मध्ये, त्यांनी इंग्लिश खाडी एकटीनं पार केली. तोंडातल्या नळीत फुंकायचं किंवा हवा ओढायची, त्यावर सुकाणू आणि शिडं चालायची. 2009 मध्ये त्यांनी ब्रिटनची प्रदक्षिणा पूर्ण केली. आणि 2014 मध्ये ओमानच्या नश्वा अल किंदी यांच्यासोबत अरबी समुद्र ओलांडून त्या पोहोचल्या थेट आपल्या मुंबईला! 2018 मध्ये त्या गेल्या. त्यांची सफर 'एकटीची' म्हणून नोंदली गेली. पण त्यांना आसनात बसवणारे आणि मागून दुसऱ्या बोटीतून येणारे हात होतेच.

आता जरा कडू भाग. पॅरालिम्पिकमध्ये नौकाशर्यत 1996 ला अटलांटात प्रात्यक्षिक म्हणून आली, 2000 ला सिडनीत तिला पदकं लागली आणि 2016 च्या रिओनंतर ती वगळली गेली. कारण दिलं गेलं की हा खेळ जगात पुरेसा पसरलेला नाही. मंडळी, मला हे कारण टोचतं. कारण त्या पसरण्याच्या हिशेबात आपणही कमी पडलो. पॅरालिम्पिकच्या नौकाशर्यतीत भारताची बोट कधी उतरलीच नाही. तिकडे ज्युबिली ट्रस्टचं 'लॉर्ड नेल्सन' 2019 मध्ये थांबलं आणि 2023 च्या अखेरीस पैशाअभावी ट्रस्टही बंद पडला. मोठी जहाजं आणि मोठे सोहळे गेले. तलावांवरचे छोटे क्लब मात्र राहिले. ते पदकासाठी निघालेच नव्हते.

आपल्याकडे पाण्याशी नातं नाही असंही नाही. 1965 च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहले आणि भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आमच्या भोपाळच्या पाण्यात सराव केलेली प्राची यादव टोकियोत पॅरा-कनूइंगच्या अंतिम फेरीत पोहोचली. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या कलम 30 मध्ये खेळाच्या सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. तलाव आहे, वारा आहे, कायदा आहे. यारी चालवणारे आणि उशी लावणारे हात जमवायचे आहेत, आणि ते काम कायदा करत नाही.

हा भाग लिहून झाल्यावर मी अण्णाला वाचून दाखवला. आता तो सत्तरीला आलाय. हिलरीबाईंबद्दल, नेल्सनबद्दल तो काही बोलला नाही. त्यानं एकच विचारलं, "चढवतात ते कळलं. परत उतरवायला कोण असतं?"

मी म्हटलं, "ज्यांनी चढवलं तेच. ते काठावर थांबून असतात."

"मग जाईन," अण्णा म्हणाला.

तुमच्या गावात तलाव असेल, तर एकदा त्याच्या काठावर कोण बसलंय ते बघून या. भेटू पुढच्या भागात.