मुंबईची जुनी छायाचित्रे आणि आपली माणसे

मुंबईच्या जुन्या छायाचित्रांवर महाडात का बोलावे, आणि तेही औद्योगिक वसाहतीत कामगारांची संघटना बांधण्यात उमेद घालवलेल्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आमच्यासारख्या माणसाने, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. उत्तर एवढेच की ती मुंबई आपलीही आहे. महाड-पोलादपूरच्या वाड्यांत ज्या घरचे कोणी गिरणीत, गोदीत वा हमालीला गेले नाही असे घर विरळा. सावित्रीतून बाणकोट, तेथून आगबोटीने मुंबई, ही आपल्या पणजोबांची वाट. म्हणून त्या चित्रांत आम्ही इमारतींपेक्षा माणसेच अधिक शोधली.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. त्याच साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. कॅमेरा आणि गिरणी शहरात बरोबरीनेच आली म्हणायची. परंतु पुढे दोघांची गाठ क्वचितच पडली.

याचे एक कारण रसायनाचे आहे. त्या काळी काचेवर कोलोडियनचा लेप देऊन ती रुप्याच्या क्षारात बुडवीत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत. भर उन्हातही भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. टाउन हॉलचे खांब तेवढा वेळ उभे राहत; डोक्यावर ओझे असलेला हमाल कसा राहील? काचेवर त्याचा धुरकट पट्टा उमटे, पुष्कळदा तोही नाही. त्यामुळे भर बाजाराचा रस्ता चित्रात ओसाड दिसतो. स्पष्ट दिसतो तो गाडीवर डुलकी घेणारा गाडीवान! काम करणारा पुसला गेला आणि थांबलेला तेवढा उरला.

माणसांचीच चित्रे काढली तेव्हा काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील जातीजमातींची चित्रे १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यातील माणसे वेगळी टिपलेली, मागची इमारत वा देखावा वेगळा, आणि दोहोंची सांधणी छापताना केलेली. खाली नाव आहे ते माणसाचे नव्हे, जातीचे. ज्या गावाने १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह पाहिला, त्याला यावर अधिक सांगायला नको. तरी खंड टाकाऊ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पागोट्याचा पीळ आणि हाताच्या शिरा त्यांत अजून जिवंत आहेत.

आपण स्वतः काय जपले? सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. पडलेल्या पुलाचे फोटो देशभर छापले गेले. उभा असताना आम्ही त्यावरून शेकडो वेळा गेलो, पण एकही फोटो काढला नाही.

आमचे वडील मुंबईत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते गावी आले ते कायमचेच. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो होता. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे, ज्यावर गेटवे चितारलेले आहे, गाळ्यातले तिघे सोबती उभे आहेत. कोट एकच असावा, कारण तो वडिलांच्याच अंगावर आहे आणि बाह्या आखूड पडल्या आहेत. इथेही देखावा खोटा. मात्र हा पडदा त्यांनी पैसे मोजून स्वतः पसंत केला होता. मागे पेन्सिलीने तीन नावे लिहिली होती. जुलै २०२१ च्या पुरात ट्रंक भिजली आणि दोन नावे गेली. त्यातले एक वडिलांचेच. दुसरे आईला आठवत होते. तिच्याकडून विचारून आम्ही तिन्ही नावे शाईने पुन्हा लिहिली आहेत.