गोल्फ क्लबवर मॅच, पोटपूजा गंगापूर रोडला!

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सामना असला की बाहेरगावच्या मित्रांचा ठरलेला फोन येतो, "खायचं कुठे?" जागा सांगतोच. पण मंडळी, या खाण्यामागे आपल्या गावाचा इतिहास आहे, तोही माहीत असू द्या.

आधी मैदान. जुने नाशिककर त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणतात. साहेबाच्या खेळाच्या जागेला नाव लागलं ते कान्हेरेंचं. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी त्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कर्वे, देशपांडे यांच्यासोबत ते फासावर गेले. याच मैदानावर जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्राने रणजीत बडोद्याला 439 धावांनी हरवलं.

आता पोट. अमेरिकेत बेसबॉल बघताना शेंगदाणे आणि हॉट डॉग लागतात, तशी आपल्याला मिसळ लागते. 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, पुढे सातपूरला कारखाने उभे राहिले. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला स्वस्त, झणझणीत आणि दुपारपर्यंत टिकणारं खाणं हवं होतं. मिसळ त्यात चपखल बसली. मटकी, रस्सा, पाव, वर पापड आणि दही.

गंगापूर रोडची गोष्ट वेगळी. हा रस्ता मळ्यांचा. 1965 ला गंगापूर धरण पूर्ण झालं, केटीएचएमसारखं कॉलेज आलं, मग बंगले, मग द्राक्षाच्या वाईनमुळे मुंबईचे पाहुणे. कामगाराची मिसळ इथे मळ्यात गेली आणि रविवारची सहल झाली. बारदान फाट्याजवळ साधनाची चुलीवरची मिसळ खायला सकाळपासून गाड्या लागतात. वेळ असेल तर सोमेश्वरचं दर्शन घ्या. गावात शिरणार असाल तर मेनरोडला सायंताराचा साबुदाणा वडा.

पण चार दिवसांचा सामना बघणारं पोरगं रोज मळ्यात जात नाही. त्याला दुपारी लागतो वडापाव, पोहे, कटिंग. ते गाडीवरच मिळतं. आणि मोठा सामना असो, मंत्र्यांचा दौरा असो की आता येणारा कुंभमेळा, सगळ्यात आधी उचलली जाते ती हीच गाडी.

इथे कायदा काय म्हणतो ते वाचा. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा करायचं असतं. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, त्यातल्या एक तृतीयांश महिला. म्हणजे गाडीवाला उपरा नाही, शहराच्या नियोजनात त्याची जागा आहे.

रस्ते मोठे व्हावेत, वाहतूक सुटावी, याला कुणाचाच विरोध नाही. पण मैदानाजवळ आणि गंगापूर रोडला आखलेले विक्री क्षेत्र, पाण्याचा नळ आणि कचऱ्याची सोय एवढं झालं तर दोन्ही साधतं. कुंभाच्या कामांत हे कुठे बसतंय, एवढाच प्रश्न मत मागायला दारात येणाऱ्याला विचारा. मळ्यातली मिसळ टिकेलच हो, तिला पार्किंग आहे. गाडीवरच्या पोह्यांचं काय?