गीज बेंडच्या गोधड्या आणि गरिबीचे श्रेय

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणाने तिन्ही बाजूंनी वेढलेली गीज बेंड ही वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. त्यांचे कौतुक खूप झाले; पण त्या कौतुकात एक समजूत हटकून डोकावते, की बायका गरीब होत्या, हाती आले ते कापड त्यांनी जोडले आणि नकळत कला घडली. मला ही समजूत अपुरी आणि त्या बायकांवर अन्याय करणारी वाटते. गोधडीला कापड कोणते लागले हे गरिबीने ठरवले. ते कापड कुठे, कसे आणि कशाशेजारी लावायचे, हे शिवणाऱ्या बाईने ठरवले.

गरिबी खरीच होती. वस्ती मूळची कापसाच्या मळ्याची. गुलामगिरी संपल्यावर तिथलेच लोक खंडाने जमीन कसू लागले, आणि कित्येकांचे आडनाव मात्र जुन्या मालकाचे, पेटवे, हेच राहिले. १९३२ साली एका मयत सावकाराच्या वारसांनी कर्जापोटी जनावरे, अवजारे, साठवलेले धान्यसुद्धा उचलून नेले. अशा घरांत कामाचे कपडे विरेपर्यंत वापरले जात आणि मग गोधडीत जात. मिसुरी पेटवे यांनी १९४२ साली नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी म्हणून. विटलेले निळे-करडे पट्टे तिच्यात तसेच दिसतात. नुसती ऊब हवी असती तर कोणतेही जुनेर चालले असते.

याहून भक्कम पुरावा पुढच्या काळातला आहे. नागरी हक्कांच्या चळवळीत, १९६६ साली, या परिसरातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ साली सिअर्स या कंपनीने तिला कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम दिले. अभ्रे एका मापाचे, एका छापाचे हवे होते आणि बायकांनी ते तसेच दिले. पण उरलेल्या चिंध्या घरोघरी गेल्या आणि त्याच सोनेरी, हिरव्या कापडातून प्रत्येकीने वेगळी गोधडी काढली. एकीने चौकोनात चौकोन बसवणारी ‘हाउसटॉप’ची मांडणी घेतली, दुसरीने नुसते उभे पट्टे लावले, तिसरीने मधेच ओळ मोडली. कापड सारखे, गरिबी सारखी. फरक उरतो तो हाताचा आणि नजरेचा.

काही जण श्रेय एकाकीपणाला देतात. त्यात तथ्य आहे: रस्ता लांबचा, बाहेरचे नमुने कमी, शिवण आईकडून लेकीकडे. पण एकाकीपणाने सगळ्यांचे काम एकसारखे का, हे सांगता येईल; शेजारणी-शेजारणींचे वेगळे का, हे सांगता येणार नाही. दुसरा आक्षेप असा, की या अंथरुणा-पांघरुणात आधुनिक चित्रकला शोधणे हा संग्रहालयांचा उद्योग आहे. तसा असता तर ही पारख शहरातून आली असती. प्रत्यक्षात ती वस्तीतच होती: वरचा थर, म्हणजे खरी मांडणी, प्रत्येक बाई बहुधा एकटीने जुळवी आणि अस्तर लावून टाके घालायला इतरजणी जमत. उन्हात वाळत घातलेल्या गोधड्या येता-जाता बघून एकमेकींच्या कल्पना उचलल्या जात, बदलल्या जात. ठरलेला नमुना सोडून आपल्या मनाने केलेल्या कामाला तिथे ‘माझी पद्धत’ असे नावही होते. आपल्याकडे वाकळ शिवणाऱ्या बाईलाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणून या गोधड्यांचे श्रेय परिस्थितीला देऊन चालणार नाही. ते शिवणाऱ्या बाईच्या नावानेच लिहिले पाहिजे. बाहेरच्या जगाने मात्र या बायकांची दखल उशिरानेच घेतली: काळ्या लोकांना नदीपलीकडच्या कॅम्डेन गावी मतदार म्हणून नाव नोंदवायला जाता येऊ नये म्हणून १९६२ साली बंद केलेली नदीवरची फेरीबोट २००६ साली पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकी टपाल खात्याने गीज बेंडच्या दहा गोधड्यांची तिकिटे काढली.