गोदावरी खोऱ्यातील लुप्त सस्तन प्राण्यांचे जीवाश्म : प्राचीन पर्यावरणाच्या इतिहासाचे एक साधन

महाराष्ट्राचा इतिहास प्रायः सातवाहनांपासून लिहिला जातो. कारण शिलालेख व नाणी तेथून अधिक प्रमाणात मिळू लागतात. तथापि त्यापूर्वीच्या प्रदीर्घ कालखंडासाठी साधनेच नाहीत असे नव्हे. गोदावरीच्या गाळातील हाडे व दाढा हे असेच एक साधन असून इतिहासाच्या अभ्यासकांकडून ते बरेचसे उपेक्षित राहिले आहे.

१८६५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे वाइन यांना पैठणनजीक मुंगी येथे जीवाश्मयुक्त थरात अकीक दगडाचा मानवनिर्मित छिलका मिळाला. लुप्त प्राणी आणि मानव एकाच खोऱ्यात वावरले असावेत, हा विचार तेव्हापासून पुढे आला. १९०५ मध्ये पिलग्रिम यांनी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर परिसरातील लुप्त हत्तीच्या अवशेषांवर लेख प्रसिद्ध केला. सरळ सुळ्यांचा हा महाकाय हत्ती प्रथम नर्मदेच्या खोऱ्यात ओळखला गेला, म्हणून त्याचे नाव ‘नमाडिकस’. पिलग्रिम यांना गाळाचे वय ठरवावयाचे होते. त्या हत्तीभोवतीचा प्रदेश कसा होता, हा प्रश्न प्रामुख्याने नंतरच्या अभ्यासकांनी हाती घेतला.

त्याचे उत्तर बव्हंशी दातांत दडलेले असते. गवत दात झिजवते, म्हणून गवत चरणाऱ्या प्राण्यांच्या दाढा उंच असतात. दंतवल्कातील कार्बनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून तर प्राणी उष्ण प्रदेशातील गवतावर जगला की झाडपाल्यावर, हेही सांगता येते. गोदाकाठी मिळालेला रानबैल विस्तीर्ण कुरणे सुचवितो. मांजरा खोऱ्यातील पाणघोडा बारमाही पाण्याची साक्ष देतो. आजचा अवर्षणप्रवण मराठवाडा पाहता ही साक्ष विचार करावयास लावणारी आहे. पुढे हवामान कोरडे होत गेल्याचे पाटणे (ता. चाळीसगाव) येथील शहामृगाच्या अंड्यांच्या नक्षीदार कवचांवरून दिसते, शहामृग सस्तन नसला तरी त्याची साक्ष येथे डावलता येत नाही.

मात्र नदी हाडे वाहून आणते व निरनिराळ्या काळांतील अवशेष एकत्र करते. त्यामुळे एका थरात सापडलेले सर्व प्राणी समकालीन मानणे धोक्याचे ठरते. हाड कोणत्या थरात, कोणत्या अवजारासह मिळाले, याची नोंद म्हणूनच हाडाइतकी मोलाची. वाळू व मुरमाच्या उपशात प्रथम नष्ट होतो तो हा थरच. नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये रामसर स्थळ म्हणून घोषित झाले, ते तेथील पाणथळ अधिवासासाठी व पक्ष्यांसाठी. त्याच परिसरातील हत्तीचा उल्लेख मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो.