मका, घेवडा आणि लाल भोपळा

मका, घेवडा आणि लाल भोपळा आपल्या घरात इतके रुळलेत की ते परके वाटतच नाहीत. पण तिघांचेही मूळ अमेरिका खंडात. १४९२ नंतर ते जहाजांतून जगभर गेले. (सोमनाथपूरच्या होयसळ मंदिरातील मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही.)

उत्तर अमेरिकेत इरोक्वा लोकांची शेती बायकांच्या हाती असे. या पिकांना तिथे 'तीन बहिणी' म्हणत. मातीच्या उंचवट्यावर आधी मका, तो वर आला की घेवडा. वेल मक्यावर चढे, त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देत, आणि भोपळ्याची पाने माती झाकून ओल धरत.

आपल्याकडेही खरिपाच्या जोंधळ्यात तुरीच्या ओळी असत, मध्येच चवळी, बांधाला भोपळा. जोंधळा आणि तूर विकली की वहीत जमा होई. ओट्यात खुडून आणलेल्या शेंगा मात्र कुणी लिहिल्या नाहीत. मी वाणिज्य शाखेची. जे जमेला धरलेच नाही, ते गेल्यावर तोटाही दिसत नाही. कृष्णाकाठी ऊस आला, कुपवाडला एमआयडीसी आली, चार पैसे आले हे खरेच. पण बायकांच्या हातची भाजी गेली आणि पिशवी घेऊन बाजार सुरू झाला.

मक्याचेही असेच झाले. मेक्सिकोत तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने त्यातले नायसिन जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने पीक नेले, कृती नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. स्पेनमध्ये कासाल या वैद्याने १७३५ मध्ये तो नोंदवला. नायसिनचा उपाय सापडायला १९३७ उजाडले!

आता भाजी. घेवडा शक्यतो कोरेगावचा वाघ्या घ्या, पट्ट्यापट्ट्यांचा. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गाळलेल्या पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण मऊ शिजवा. अर्धवट शिजलेला घेवडा पोटाला बाधतो. जिरे-हिंगाच्या फोडणीत मक्याचे दाणे, मग घेवडा. भोपळा सर्वांत शेवटी, नाहीतर त्याचा लगदा होतो. शेंगदाण्याचा कूट, किंचित गूळ. आंबटपणाला आमसूल घाला; घेवडा द्विदल, म्हणून दही-ताक नको. सोबत जोंधळ्याची भाकरी.