पंधरा वर्षांची अट

जुलै 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं. खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या 50 टक्के आणि बाकीच्या 70 टक्के जागा 'स्थानिकां'ना. स्थानिक कोण? कर्नाटकात जन्मलेला, 15 वर्षं तिथे राहिलेला आणि कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणारा. मी तेव्हा बंगळुरूत कोड लिहीत होतो. जन्म समुद्रपूरचा, जिल्हा वर्धा. बंगळुरूत काढलेली वर्षं तीन. कन्नड रिक्षापुरतं. तिन्ही अटींत नापास.

आयटीवाल्यांनी आरडाओरड केली आणि विधेयक लगेच थंड्या बस्त्यात गेलं. पण तेवढ्या वेळात आमच्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर राज्यघटनेचे बरेच तज्ज्ञ तयार झाले. त्यातले निम्मे एरवी 'परप्रांतीयांना हाकला'चे फॉरवर्ड पाठवणारे.

मी अडकलो त्या 15 वर. कोडमध्ये असा सुटा आकडा दिसला की आम्ही आधी विचारतो, हा आला कुठून?

आमच्या तालुक्यातल्या जाम चौकातून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. आकड्याचा माग त्याच रस्त्यानं खाली हैदराबादेत निघतो. निजामाच्या राज्यात कारभारासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली जात. त्यावर स्थानिक उमरावांपासून कारकुनांपर्यंत सगळे धुसफुसत. त्यातून 'मुलकी' नियम आले: सरकारी नोकरी मुलकी माणसालाच, आणि मुलकी म्हणजे संस्थानात जन्मलेला किंवा 15 वर्षं कायम राहिलेला. मराठवाडाही तेव्हा याच राज्यात होता. 1948 ला संस्थान भारतात आलं आणि मद्रास राज्यातून शिक्षक-अधिकाऱ्यांची नवी भरती झाली. 1952 मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, 'नॉन-मुलकी गो बॅक'. हैदराबादच्या सिटी कॉलेजपाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. आलेले बरेचसे तेलुगू बोलणारे आणि त्यांना परत जा म्हणणाऱ्यांतलेही कितीतरी तेलुगूच. भाषा एक असूनही परका ठरवता येतो, हे आपल्याकडे फार लवकर सिद्ध झालं होतं.

मुंबईची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पण तिचे तपशील पुन्हा बघण्यासारखे आहेत. 1960 साली राज्य मराठी माणसाचं झालं. 1961 च्या जनगणनेत मुंबईत मराठी भाषक मात्र शंभरात 43 च्या आसपास. गिरण्या, बाजारपेठा, पेढ्यांची मालकी मुख्यतः गुजराती-मारवाडी-पारशांकडे. टायपिंग-शॉर्टहँड आणि इंग्रजी येणारे दाक्षिणात्य कचेऱ्यांत स्थिरावलेले, आणि मॅट्रिक झालेल्या मराठी पोराला हवी होती नेमकी तीच खुर्ची. 'मार्मिक'नं 'वाचा आणि थंड बसा' या शीर्षकाखाली कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. 19 जून 1966 ला शिवसेना स्थापन झाली. दाक्षिणात्य लोक शहरात शंभराला दहासुद्धा नव्हते, गुजराती त्यांच्या दुप्पट. तरी दगड पडले ते उडुपी हॉटेलांवर. मराठी पोरांची बेकारी खरी होती, यात मला शंका नाही. पण पगार देणाऱ्या शेठजीला सोडून शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला धरणं स्वस्त पडतं. (माझ्या टीममधल्या मंगळूरच्या मित्राचे आजोबा तेव्हा माटुंग्यात हॉटेलात कामाला होते. 1969 नंतर ते गावी परतले. का, यावर त्यांच्या घरात फारसं कोणी बोलत नाही.)

सेनेच्या दबावानंतर राज्य सरकारनं उद्योगांना स्थानिकांना प्राधान्य द्यायला सांगितलं. पुढे ते धोरण 80 टक्क्यांवर पक्कं झालं. स्थानिक म्हणजे? राज्यात 15 वर्षं राहिलेला. 19 ऑक्टोबर 2008 ला मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारलं. त्याच वर्षी सरकारनं हे 80 टक्के पुन्हा कागदावर आणले.

आता आमच्याकडे या. 1956 पर्यंत समुद्रपूर मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. मुंबईशी जोडलं जायची वेळ आली तेव्हा विदर्भाला भीती वाटली ती पश्चिम महाराष्ट्राची, म्हणजे मराठी माणसाचीच. म्हणून 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा लिहून घेतल्या. ते प्रमाण पाळलं गेलं नाही, ही तक्रार आमच्या पानठेल्यांवर आजही ताजी आहे. "आपल्या पोरायच्या नोकऱ्या तिकडच्यायनं खाल्ल्या," माझे मोठे बाबा म्हणतात. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात आहे, मी बंगळुरूत. तिथल्या कोणाच्या नोकऱ्या आम्ही खाल्ल्या, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "तुमी तं शिकून गेले न बे."

1960 च्या मुंबईतला मद्रासी टायपिस्टही शिकूनच आला होता.

बारावीनंतर मी समुद्रपूरच्या तहसील कार्यालयातून अधिवास प्रमाणपत्र काढलं होतं. त्यातही तीच 15 वर्षं. राज्याच्या कोट्यातली इंजिनिअरिंगची जागा मला त्या कागदावर मिळाली आणि आजही कोणी मागितलं तर मी तो हक्क सोडणार नाही. बंगळुरूत माझी 15 वर्षं 2036 मध्ये भरतील. तिथे जन्मण्याची अट मात्र तरीही राहीलच.